नोटीस मागे न घेणेबाबत

प्रति,
मा. कक्ष अधिकारी,
जिल्हा अन्न-तपासणी कक्ष,
जालना.

अर्जदार : प्रेमला गोरक्षनाथ वाघमोडे, वय ४१, शिक्षण एम.एस्सी. (वनस्पतिशास्त्र), व्यवसाय खाजगी नोकरी, हल्ली मुक्काम पिंपळगाव रेणुकाई, ता. भोकरदन, जि. जालना.

विषय : मी अन्न निरीक्षक असल्याचे भासवल्याबद्दल मला आलेली नोटीस मागे न घेता तिच्यावर कार्यालयाचा गोल शिक्का मारून मिळणेबाबत.

संदर्भ :
१) माझा अर्ज, दि. १ सप्टेंबर २०२५ (मी अधिकारी नाही असा दाखला मिळणेबाबत).
२) आपले उत्तर, दि. २२ सप्टेंबर २०२५ (असा दाखला देण्याची तरतूद नसल्याबाबत).
३) आपली नोटीस, दि. ३ नोव्हेंबर २०२५.

महोदय,

संदर्भ ३ ची नोटीस मला दि. १० नोव्हेंबर रोजी पोस्टाने मिळाली. मी अधिकारी नसताना अधिकारी असल्याचे भासवून गावातील दुकानांची तपासणी केली, असा आरोप तिच्यात असून सात दिवसांत खुलासा मागवला आहे. खुलासा खाली देत आहे. नोटिशीबद्दल माझी काहीही तक्रार नाही, हे आधीच नमूद करते. गावातील श्रीमती दैवशालाबाई (मुद्दा ८) यांचे बंद पडलेले दुकान पुन्हा उघडणे या नोटिशीवर अवलंबून आहे. खुलासा समाधानकारक वाटून आपण ती रद्द केलीत, तर मोठी अडचण होईल.

१. मी जालना एमआयडीसीतील एका बियाणे कंपनीत काम करते. पिंपळगाव परिसरात शेतकऱ्यांच्या शेडनेटमध्ये कंपनीसाठी मिरचीचे संकरित बियाणे तयार होते. ते शुद्ध आहे की नाही हे पाहण्यासाठी जूनपासून माझी नेमणूक येथे आहे. पिशवीवर जे लिहिले तेच पिशवीत असले पाहिजे, एवढेच माझे काम. त्यासाठी माझ्या पर्समध्ये दहापट मोठे दाखवणारे भिंग, एक चिमटा आणि नमुन्याच्या लहान पिशव्या कायम असतात. या वस्तू कोणालाही भासवण्यासाठी घेतलेल्या नाहीत. त्या एकोणीस वर्षांपासून आहेत.

२. मी दूध, दही, तूप, मध, अंडी व मांस खात नाही. अशा माणसाला शहरात व्हीगन म्हणतात. पिंपळगावात त्याला अजून शब्द नाही. माझ्या घरमालकीण साळूबाई याला "मॅडमचा नवस" म्हणतात आणि तो कधी फिटणार, असे दर सोमवारी विचारतात. शेजारच्या एका आजोबांनी बकरीचे दूध चालेल का, अशी चौकशी केली होती. कोणी कारण विचारले तर मी पचन सांगते, कारण त्यावर पुढचा प्रश्न येत नाही. खुलासा पूर्ण असावा म्हणून खरे कारण येथे लिहिते. आमच्या घरी म्हैस होती. तिचे रेडकू मेले, तेव्हा त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे उभे करीत, म्हणजे ती चाटत राही आणि पान्हा सोडी. मी तेव्हा आठ वर्षांची होते. वर एक आणि आत दुसरेच, हा प्रकार मी प्रथम तिथे पाहिला.

३. पाकिटावरील हिरवा ठिपका पाहून माझे काम भागत नाही, कारण दूध त्या ठिपक्यात बसते. व्हीगन मालासाठी वेगळे चिन्ह आहे. ते मी जालन्यात दोनदा पाहिले, पिंपळगावात एकदाही नाही. म्हणून मला प्रत्येक पाकीट उलटे करून मागचा मजकूर वाचावा लागतो. मिल्क सॉलिड्स, व्हे, केसिनेट, लॅक्टोज अशी दुधाची बरीच टोपणनावे आहेत. मसाला चिप्समध्ये दुधाची पावडर निघते. उलट, ज्या टोस्टच्या नावातच बटर आहे त्यात लोण्याचा अंशही निघत नाही, आणि तो मी निर्धास्तपणे खाते. अक्षरांची उंची मी मोजली आहे. ती साधारण एक मिलिमीटर असते, आणि नेमका मजकूर पाकिटाच्या सांध्याखाली दुमडलेला असतो. भिंगाची गरज यातून निर्माण झाली.

४. दि. १३ जुलै, रविवार. बसस्टँडजवळ श्री. रामराव यांचे किराणा दुकान आहे. तेथे मी पंचवीस मिनिटांत अकरा पाकिटे भिंगाखाली वाचली, त्यांपैकी नऊ परत ठेवली, चार नावे वहीत लिहून घेतली आणि दोन पाकिटे विकत घेतली. घेतलेली पाकिटे सवयीप्रमाणे नमुन्याच्या पिशवीत घालून तिच्यावर तारीख टाकली. एवढे झाल्यावर रामराव खुर्चीवरून उठले. त्यांचे शब्द असे : "मॅडम, बसा ना. पंखा लावू का? आन तो मागचा कट्टा माझा न्हाई, एजन्सीवाल्याचा हाय." मी कोणत्याही कट्ट्याबद्दल, म्हणजे पोत्याबद्दल, विचारले नव्हते. त्यांचा गैरसमज दूर व्हावा म्हणून मी सांगितले, "मी फक्त दूध शोधते आहे." हे वाक्य माझ्याकडून दुर्दैवी निघाले, हे मान्य करते. दुसऱ्या दिवसापासून गावातील दोन्ही गवळ्यांच्या दुधावर जाड साय येऊ लागली. साळूबाईंनी ती मला वाटीत आणून कौतुकाने दाखवली.

५. श्री. पप्पू हे बेकरीचा माल टेम्पोतून गावोगाव पोचवतात. ही बातमी त्यांनी मालासोबत पोचवली. त्यानंतर मी ज्या दुकानात गेले तेथे मला खुर्ची, चहा आणि पेढे मिळाले. एका दुकानदारांनी अर्धा किलो कलाकंद घरी पाठवला. यातील प्रत्येक पदार्थात दूध असल्याने मी तो नाकारला. मी शेवटी एवढे म्हणाले की बिनदुधाचा चहा असेल तर चालेल. पण कोणी तसा चहा दिला नाही. साहेबांना कोरा चहा द्यायचा म्हणजे त्यांचा अपमान, असे त्यांचे म्हणणे होते. माझ्या नकाराचा अर्थ पप्पूंनी भर बाजारात सांगितला, तो मी स्वतः ऐकला आहे : "चहा बी घेत न्हाई म्हंजी बाई लई वरची हाय. खालचे घेत्यात." त्यामुळे जुलैत मी तालुक्याची होते, ऑगस्टच्या सुरुवातीला जिल्ह्याची झाले, पोळ्यापर्यंत पुण्याची आणि गणपती बसेपर्यंत दिल्लीची. या काळात माझी प्रत्यक्षात कोणतीही बढती झालेली नाही.

६. मी शासकीय अधिकारी नाही हे दाखवण्यासाठी रामराव यांना कंपनीचे ओळखपत्र दिले. त्यांनी माझेच भिंग मागून घेतले आणि वाचले : "गुणवत्ता अधिकारी. हे काय, अधिकारी लिव्हलंय की!" कार्डावर "खाजगी" हा शब्द नाही. तो घालावा म्हणून मी कंपनीला पत्र दिले आहे. कंपनीचे म्हणणे असे की त्याने पदाची प्रतिष्ठा कमी होते.

७. या प्रकाराने काही लाभही झाला. तो लपवणे अप्रामाणिक ठरेल. मुदत संपलेला माल गावातून नाहीसा झाला. तो कोठे गेला हे मला माहीत नाही, परंतु पप्पूंचा टेम्पो काही दिवस येताना रिकामा व जाताना भरलेला असे. रविवारी बायका पिशवीत पाकिटे घालून माझ्या खोलीवर येतात आणि "यात काय हाय, वाचून सांगा" म्हणतात. मी वाचून सांगते. यामुळे माझ्यावरील संशय दृढ होतो, हे मला कळते. पण माणूस पाकीट पुढे करून उभा राहिला आणि आपल्याला वाचता येत असले, तर नाही कसे म्हणावे? तोटा झाला तो माझ्या जेवणाचा. मी येताना दिसले की दुकानाच्या फळीवर मीठ, आगपेट्या आणि नारळ एवढेच उरते. या तिन्हींत दूध नसते, हे खरे आहे.

८. आता मूळ विषय. श्रीमती दैवशालाबाई रेणुकामातेच्या देवळामागे राहतात. घराच्या पुढच्या खोलीत एक फळी आणि तिच्यावर पाच बरण्या, असे त्यांचे दुकान होते. शेंगदाण्याचे लाडू त्या स्वतः करीत. जूनमध्ये मी पहिल्यांदा गेले, तेव्हा "यात काय काय आहे?" हे विचारले. एकही क्षण न थांबता त्या म्हणाल्या, "शेंगदाणे, गूळ, इलायची. आन हात माझे. खाऊन बघा, ताई." एकोणीस वर्षांत इतके पूर्ण घटकपत्र माझ्या वाचनात आलेले नाही. त्यानंतर दररोज संध्याकाळी दोन लाडू, असा माझा नेम झाला. पिंपळगावात मी न वाचता खात असे तो हा एकच पदार्थ. मी गेले की त्या पाण्याचा तांब्या पुढे करीत आणि गावातल्या कोणत्या सुनेचे कोणत्या सासूशी वाजले ते सांगत. मी एकटी राहते. दिवसभरात माझ्याशी कामाव्यतिरिक्त बोलणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

दि. १० ऑगस्ट रोजी मी त्यांना विचारले, "तुम्ही याला लेबल का लावत नाही?" लेबल लावले तर हे लाडू जालन्याच्या दुकानांतही ठेवता येतील, असे माझ्या मनात होते. ते मनातच राहिले. बोलले गेले ते एवढेच वाक्य. त्या तारखेला मी गावाच्या दृष्टीने जिल्ह्याची अधिकारी होते, हे मी लक्षात घ्यायला हवे होते. दैवशालाबाईंनी लाडू हातात दिले आणि त्या आत गेल्या. दुसऱ्या दिवशी फळी धुऊन भिंतीला टेकवून ठेवलेली होती आणि बरण्या नव्हत्या. मी दारात उभी राहिले तेव्हा त्या म्हणाल्या, "चुकलं आमचं, साहेब. आम्ही काय इकून राह्यलो नव्हतो. असंच वाटून राह्यलो होतो." मी अधिकारी नाही, असे मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगितले. त्यांचे उत्तर : "तुमी लई चांगल्या, साहेब. तुमी असंच म्हणणार."

दुकान बंद झाल्यामुळे त्या मजुरीला लागल्या, त्याही माझ्या देखरेखीखालील शेडनेटमध्ये. मिरचीच्या कळीतील पुंकेसर चिमट्याने काढण्याचे काम त्या करतात. कळी दुखावली तर बियाणे धरत नाही. त्यांच्या हातून आजवर एकही कळी दुखावलेली नाही. मी जवळ गेले की त्या उभ्या राहत.

९. यास्तव मी संदर्भ १ चा अर्ज केला. असा दाखला देण्याची तरतूद नसल्याचे आपण कळवले. मी एका अन्य कार्यालयातही गेले, त्याचे नाव येथे महत्त्वाचे नाही. तेथील लिपिकांनी सांगितले की एखादी व्यक्ती अधिकारी नाही हे प्रमाणित करायचे, तर ती कोणत्या पदावर नाही ते आधी लिहून द्यावे लागेल. मी पदांची यादी करू लागले. चौथ्या पानावर थांबले.

१०. दि. १४ ऑक्टोबर रोजी आपल्या कक्षाचे निरीक्षक महोदय स्वतः पिंपळगावात आले. गावाला खरा अधिकारी पाहायला मिळेल आणि माझी सुटका होईल, या आशेने मला आनंद झाला होता. दुर्दैवाने निरीक्षक महोदय उन्हातून आले होते. त्यांनी रामराव यांच्याकडे चहा घेतला, दोन पेढे घेतले आणि एकही पाकीट उलटे केले नाही. दुपारी मला रामराव यांचा फोन आला : "साहेब, हितं एक जण आलाय, निरीक्षक हाय म्हणून राह्यला. आपला माणूस हाय का? चहा पेला, पेढे बी खाल्ले. आन भिंग न्हाई त्याच्याकडं." मी निरीक्षक महोदयांना पाहिलेले नव्हते. त्यामुळे "मला माहीत नाही" असे खरे उत्तर दिले. "बराबर," असे म्हणून रामराव यांनी फोन ठेवला. त्या एका शब्दात काय ठरले, हे मला तेव्हा कळायला हवे होते.

पुढील हकिकत नोटिशीत आहेच. निरीक्षक महोदयांना तोतया समजून तीन तास ग्रामपंचायतीच्या बाकावर बसवून ठेवले, याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे. त्या तीन तासांत त्यांना पुन्हा चहा का दिला नाही, असे मी नंतर विचारले. तोतयाला कशाला द्यायचा, असे उत्तर मिळाले.

११. नोटिशीतील दुसरे वाक्य असे आहे : "आपण या कक्षाच्या अथवा शासनाच्या कोणत्याही कार्यालयाच्या अधिकारी नाही." संदर्भ १ मध्ये मी नेमके हेच वाक्य मागितले होते. तेव्हा त्यास तरतूद नव्हती. आता ते न मागता, नोंदणीकृत टपालाने, माझ्या पूर्ण नावासह मिळाले आहे. याबद्दल आपले आभार मानणे मी माझे कर्तव्य समजते.

१२. दि. १२ नोव्हेंबर रोजी जेवणाच्या सुटीत मी ही नोटीस शेडनेटमध्ये दैवशालाबाईंना दाखवली. त्यांनी माझ्याकडून भिंग घेतले आणि एकेक ओळ वाचली. मग त्यांनी विचारले, "म्हंजी तुमाला बी नोटीस आली?" मी म्हणाले, "आली." "खरी?" "खरी." "तुमचीच तपासणी लागली?" मी होय म्हणाले. त्यावर त्या इतक्या हसल्या की शेजारच्या ओळीतल्या बायका कळ्या सोडून बघायला आल्या. "आगं बाई! आन मी येडी तुमाला साहेब म्हणून राह्यले!" त्यांनी आपली बादली पालथी घातली, पदराने पुसली आणि म्हणाल्या, "बसा, ताई." "ताई" हा शब्द मला चौऱ्याण्णव दिवसांनी ऐकायला मिळाला. दिवस मी मोजले आहेत.

१३. तथापि दुकान अद्याप उघडलेले नाही. दैवशालाबाईंचा विश्वास बसला असला, तरी गावाचा बसलेला नाही, आणि गावाला पटल्याशिवाय त्या फळी लावायला तयार नाहीत. नोटिशीची प्रत मी रामराव यांच्याकडे नेली. त्यांनी ती उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिली आणि म्हणाले, "सही हाय, शिक्का न्हाई. हे मॅडमनी सोताच टाइप केलं असंल, वळख लपवायला. मोठे अधिकारी असंच करत्यात." निरीक्षक महोदयांच्या भेटीपासून त्यांची पारख कडक झाली आहे.

सबब, माझी विनंती अशी की :

(अ) सोबत जोडलेल्या मूळ नोटिशीवर कार्यालयाचा गोल शिक्का, शक्यतो निळ्या शाईत आणि ठसठशीत, मारून ती मला परत मिळावी. ती दैवशालाबाईंच्या दारावर आणि बसस्टँडजवळ चिकटवली जाईल.

(आ) वरील खुलासा समाधानकारक वाटला तरी, दुकान उघडेपर्यंत नोटीस मागे घेऊ नये. खुलासा असमाधानकारक वाटल्यास माझ्यावर होणाऱ्या कारवाईच्या आदेशावरही शिक्का मारावा, म्हणजे तो पप्पूंच्या टेम्पोवर लावता येईल. त्यामुळे आसपासच्या गावांतही खुलासा होईल.

(इ) दैवशालाबाईंच्या लाडूंच्या नोंदणीचा अर्ज सोबत आहे. तो मी भरला असून सही त्यांची आहे. लाडूंच्या घटकांच्या रकान्यात त्यांनी सांगितले तेच, त्याच क्रमाने लिहिले आहे. त्यातील शेवटचा घटक आपल्या नियमांत बसत नसल्यास कार्यालयाने तो आपल्या स्तरावर खोडावा. मी तीन वेळा प्रयत्न केला. माझ्याने खोडवला नाही.

निरीक्षक महोदय पुन्हा या बाजूला आल्यास त्यांनी कृपया एक तरी पाकीट उलटे करावे. भिंग लागल्यास माझ्याकडे आहे.

आपली विश्वासू,
आणि आपल्याच नोटिशीनुसार अधिकारी नसलेली,

(सही)
प्रेमला गोरक्षनाथ वाघमोडे

ठिकाण : पिंपळगाव रेणुकाई
दिनांक : १७ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) मूळ नोटीस (शिक्क्यासाठी).
२) कंपनीच्या ओळखपत्राची प्रत. "खाजगी" हा शब्द मी पेनाने लिहिला आहे.
३) न धारण केलेल्या पदांची यादी, पाने चार, अपूर्ण.
४) दैवशालाबाईंचा नोंदणी अर्ज.
५) शेंगदाण्याचे लाडू, दोन नग, नमुन्याच्या पिशवीत. निरीक्षक महोदयांसाठी, तीन तासांबद्दल. लेबल लावलेले नाही. घटक : शेंगदाणे, गूळ, इलायची, आणि हात दैवशालाबाईंचे.